हिंगणीला डबा कोणी नेला होता?

मागच्या महिन्यात वर्ध्याहून ताईचा फोन आला. "आता तरी ये. मले एकडाव हिंगणीले जाऊन विचाराचं हाये."

काय विचारायचं ते मला ठाऊक होतं. आमचा दादा आणीबाणीत भूमिगत झाला आणि परत आलाच नाही. कोणत्याच तुरुंगाच्या यादीत त्याचं नाव निघालं नाही. ताई तेव्हा अठराची, मी नऊचा. ताई म्हणते, बोर धरणाकडच्या झाडीत लपलेल्या दादाला शेवटचा डबा तूच पोचवलास. मी म्हणतो, मी गेलोच नव्हतो. पन्नास वर्षं आमचं हे भांडण चालू आहे.

पुण्याहून रेल्वेनं वर्ध्याला उतरलो. स्टँडवर तर्री-पोहे जरूर खा, पण तर्री जपून घ्या. मी नाही जपलो, पवनार मागे पडलं तरी डोळे पुसत होतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे ताई खुशीत. सेलूला उतरून हिंगणीच्या गाडीची वेळ विचारलीत तर तिघं तीन वेळा सांगतील. सरळ ऑटो करा. रस्ता बरा आहे, दोन्हीकडे तूर आणि कपाशी.

ऑटोत पुन्हा तेच.

"मले ताप होता ना, ताई."

"ताप मंग आला. मी सोता भाकरी बांधून देल्या. काऊन नाई म्हनून राह्यला?"

हिंगणीत तेव्हा झाडीत दादाबरोबर असलेले त्याचे मित्र तुळशीराम काका अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. जयभीम झाला, चहा आला. ताईनं विचारलं तसे ते थांबले.

"एक पोट्टा आलता खरा डबा घेऊन. पन तो हाच होता का दुसरा कोनी, आता कसं सांगू, बाई?"

"अन् दादा जेवला का?"

"मी तं तवाच निघून गेलतो."

मी चक्रावलो. आम्ही आजवर कोण गेलं यावरच भांडत होतो. ताईला हे विचारायचं होतं, ते मला कधी कळलंच नाही.

पुढे धरणावर गेलो. पाणी सुंदर आहे, अवश्य बघा. आम्ही मात्र कोणती झाडी ती, हेच शोधत राहिलो. ताई एकीकडे बोट दाखवी, मी दुसरीकडे.

पुण्याला परतल्यापासून मला एक मुलगा दिसतो, हातात पितळी डबा, पायवाटेनं चाललेला. पण तो मला पाठमोरा दिसतो. स्वतःची पाठ कोणाला आठवते? ही आठवण माझी की ताईनं सांगून सांगून माझ्या डोक्यात घातलेली, काही उमगत नाही. ताप मात्र पक्का आठवतो, कपाळावरच्या ओल्या फडक्यासकट.

परवा ताईचा फोन आला. "काही आठवलं का रे? जेवला का तो?"

"जेवला, ताई," मी म्हटलं. "दोन्ही भाकरी."

"मंग मी सांगतच होती ना, तूच गेलता," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दादासाठी मोठ्यानं रडली.