रंगनाथ मास्तरांचा चार पानी अर्ज

रंगनाथ मास्तर निवृत्त झाले त्या वर्षी गावानं त्यांना भैरवनाथ देवस्थान ट्रस्टचं सचिव केलं. निवड एकमतानं झाली, कारण अर्ज लिहिता येणारा दुसरा कुणी नव्हता. बेलापूरजवळच्या त्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मास्तर सोडून. त्यांना वाटे, आपली विद्वत्ता पाहून निवडलं. आता ते स्वतःच ही हकीकत सांगतात, आणि सांगताना स्वतःचा उल्लेख 'सचिवसाहेब' असा करतात.

झालं असं, की सभामंडपासाठी जमलेल्या देणग्यांवर कर भरा, अशी आयकर खात्याची नोटीस आली. देवाला कर! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातच कुणीतरी कानात सांगितलं, गावातल्या चर्चच्या ट्रस्टला करमाफी आहे. मग काय विचारता! पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय चालला होता, तो बाजूला सारून सचिवसाहेब उभे राहिले.

"त्यांना माफी आणि आमच्या नाथाला कर? हा आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बत्तीस वर्षं चौथीच्या वर्गापुढे उभं राहून मास्तरांना कधी टाळी मिळाली नव्हती. त्याच भरात घरी येऊन त्यांनी थेट दिल्लीला पाठवायचा चार पानी अर्ज लिहिला.

"नोटिशीत काय लिव्हलंय ते पुरतं वाचलं का तुमी?" दगडाबाईंनी भाकरी थापता थापता नवऱ्याला विचारलं.

"वरची ओळ वाचली. तेवढी पुरे आहे."

अर्ज टाईप करायचा तर गावात दुकान एकच, शांतवनचं. शांतवन हा मास्तरांचा जुना विद्यार्थी, आणि त्याच चर्चचा खजिनदार. मास्तर दुकानाच्या पायरीवर दोनदा चढले, दोनदा उतरले. शेवटी आत जाऊन कागद पुढे सरकवले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

शांतवननं चारही पानं मुकाट्यानं टाईप केली. शुद्धलेखनाच्या दोन चुकाही न बोलता दुरुस्त केल्या. मग खुर्ची वळवून म्हणाला, "मास्तर, एक इचारू? ट्रस्टची करमाफीची नोंदणी नवी करून घेतली का तुमी? मागं नियम बदलला तवा समद्यांनाच परत अर्ज करायचा हुता. देऊळ, मशीद, चर्च, समद्यांना. आमी केला."

"आम्हाला कुणी कळवलं नाही."

"मोबाईलवर मेसेज येत हुते की."

मेसेज आले होते, एक नाही, चार. भामट्यांचे समजून त्यांनी ते पुसून टाकले होते. एवढ्यावर न थांबता आरतीनंतर देवळाच्या भोंग्यावरून सगळ्या गावाला बजावलंही होतं, की आयकराच्या नावानं मेसेज आला तर उघडू नका!

मग त्यांनी हळूच विचारलं, "शांतवन, त्या दिवशी ग्रामसभेत होतास का रे तू?"

"व्हय. मागं दाराशी बसलो हुतो. पोरगी बी हुती संगं."

मास्तरांना मान वर करवेना. मग शांतवनच बोलला, "आमचा अर्ज पहिल्यांदा माघारी आला हुता. आमच्यातली मानसं म्हनली, आपून थोडे हाय, म्हनून असं करत्यात. मीबी म्हनलो. नंतर बघतो तर ट्रस्टच्या घटनेची प्रत जोडायची मीच इसरलो हुतो."

दोघंही हसले. चार पानं फाडली गेली आणि उशीर माफ करावा असा नवा अर्ज सुरू झाला. उशिराचं कारण म्हणून मास्तरांनी 'अपरिहार्य अडचणी' असं सांगितलं. शांतवनची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली. तेव्हा मास्तरांनीच पुढचं वाक्य सांगितलं, "सचिवांनी खात्याचे संदेश फसवे समजून पुसले, व गावासही तसाच सल्ला दिला."

पुढच्या ग्रामसभेत मास्तरांनी दोन मिनिटं मागून घेतली. "धर्मस्वातंत्र्यावर घाला घालणारा इसम सापडला आहे," ते म्हणाले. "तो देवस्थानचा सचिव आहे." सभा खो-खो हसली. हसू ओसरेपर्यंत ते उभेच राहिले. मग दाराशी बसलेल्या शांतवनकडे वळून त्यांनी हात जोडले. "कायदा सगळ्यांना एकच होता. मी न वाचता बोललो. तुझी आणि तुमच्या मंडळींची माफी मागतो." या वेळी टाळी पडली नाही. बायकांत बसलेल्या दगडाबाईंनी मात्र शेजारणीला कोपरानं ढोसलं.

काही महिन्यांनी नोंदणी मिळाली, ती पुढच्या काळासाठी. आधीचा कर भरावाच लागला आणि मंडपाच्या छताचं काम लांबणीवर पडलं. भजन ताडपत्रीखाली होऊ लागलं, तेव्हा मास्तरांनी राजीनामा लिहून ट्रस्टचे अध्यक्ष कल्याणराव यांच्या हातात दिला.

कल्याणरावांनी तो न वाचताच घडी करून खिशात घातला. "मास्तर, चुका करून एवढं शिकलेला मानूस आता दुसरा कुठून आनू? बसा. जत्रेच्या परवानगीचा अर्ज लिव्हायचाय."