ओल्या गोधड्यांची वाट

दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी घातली, की आपल्या घरावर एक सुस्ती उतरते. इंदिरानगरच्या या गल्लीतून त्या वेळी स्कूटरसुद्धा जपून जातात असं मला वाटतं. पडदे हलतात आणि थांबतात. पेरूच्या झाडाची सावली खिडकीतून आत येऊन भिंतीवर चढते, आणि तिच्याखाली आपला कुत्रा झोपलेला असतो, झोपेतच धावत. चारही पाय हलतात, ओठ थरथरतात, मधूनच एक बारीक हुंकार निघतो. तो कुठे धावत असतो हे मला ठाऊक नाही. पूर्वी मला वाटायचं, की ठाऊक आहे. त्या चुकीबद्दलच तुम्हा दोघा नातवंडांना लिहायचं आहे, कारण ती चूक मी तुम्हालाही तीन वर्षं खरी म्हणून सांगत आले.

तुम्ही आई-बाबांबरोबर परदेशी गेलात तेव्हा तो पाच वर्षांचा होता. ग्रेट डेन म्हणजे केवढा कुत्रा हे तुम्हाला कधी कळलंच नसेल, कारण तो आला तेव्हा तुम्हीही लहान होतात आणि जगातले सगळे कुत्रे एवढेच असतात असं तुम्हाला वाटे. तो उभा राहिला की त्याची हनुवटी जेवणाच्या टेबलावर आपोआप टेकते. वजन साठ किलो. आता तो आठ वर्षांचा आहे, आणि या जातीत आठ म्हणजे जवळजवळ माझं वय.

त्याची कामं मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवली. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, दोन वेळा जेवण. एवढ्या उंच कुत्र्याला मान खाली घालून खायला त्रास होतो, म्हणून भांडं चौरंगावर. खाल्ल्यावर तासभर पळायचं नाही, कारण अशा मोठ्या छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो. तो तासभर मी त्याच्याजवळ खुर्ची टाकून वाचत बसते. आपल्याकडे कामाला येते ती नांदगावकडची बाई पहिल्यांदा चौरंग बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. मी तिला मावशी म्हणते, ती मला आई म्हणते, वयं कुणी विचारत नाही.

"आई, चौरंगावर देव बसवायचा का हे वासरू?"

"दोघांनाही भूक लागते, मावशी."

"देवाचा निवद वाटीभर असतो. ह्याचा पातेलंभर हाय."

तुम्ही गेलात त्याच उन्हाळ्यात, निघण्याआधी, तुमच्या बाबांनी घरातली जुनी शहाबादी फरशी काढून पांढऱ्या टाइल्स घातल्या. आईला पुसायला सोपं, हा त्यांचा विचार. मला त्या फार आवडल्या. सकाळ-संध्याकाळ ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, मग दाराशी उभं राहून बघायचं. खिडकीतलं आभाळ खाली उतरलेलं असे, कपाटं उलटी दिसत, आणि सगळं घर पाण्यावर ठेवल्यासारखं वाटे. एकटीने राहायला सुरुवात केली होती मी. असं तरंगणारं घर बघत बसायला बरं वाटायचं.

त्याच सुमाराला कुत्र्याने आपली जागा बदलली. पूर्वी तो स्वयंपाकघरात माझ्या पायांत यायचा, तुमच्या खोलीत जायचा, सोफ्यामागे लपायचा आणि अर्धा बाहेर दिसायचा. आता तो पुढच्या दाराशी काथ्याच्या पायपुसण्यावर बसू लागला. तेवढ्याशा तुकड्यावर त्याचं पुढचं अर्धं अंगच मावे. तोंड फाटकाकडे. मी बघितलं आणि मला कळलं, असं मला वाटलं. फोनवर मी तुम्हाला सांगितलं, "तो दाराशी बसून तुमची वाट बघतो. घरात येतच नाही." धाकटीचा आवाज तेव्हा बारीक झाला होता. पुढे प्रत्येक फोनवर तुम्ही विचारायचात, अजून बसतो का, आणि मी म्हणायचे, बसतो. खोटं नव्हतं ते. तो बसतच होता.

जेवण मी दाराशी नेलं. दारातून एक पायरी उतरलं की अंगण, तिथली माती आणि गवत, तेवढं त्याचं जग झालं. तिथे तो बरा चालायचा. पण आत आला की पायपुसणं सोडायचा नाही. या वर्षी श्रावणापासून त्याला तिथून उठणंही जड जाऊ लागलं. पुढचे पाय उभे राहत, मागचे दोन बाजूंना फाकत, आणि तो पुन्हा खाली बसून माझ्याकडे बघे. घाबरलेला नाही, थोडा ओशाळलेला. मी दुपटं पोटाखालून घालून वर ओढायला शिकले. भाद्रपदात एका सकाळी ओढताना माझी पाठ धरली आणि मी दोन दिवस आडवी पडले. ते दोन दिवस मावशी आणि शेजारचे दोघे मिळून त्याला बाहेर नेत होते.

डॉक्टरांनी दाराशीच त्याला तपासलं. "मागच्या पायांतला जोर कमी झालाय, आजी. वय आहे. औषध देतो, पण रोज चार वेळा साठ किलो उचलणं तुमच्याच्याने व्हायचं नाही."

त्या संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. त्यांच्या मित्राचा शहराबाहेर द्राक्षाचा मळा आहे. मोकळी माती, हाताशी गडीमाणसं, कुत्र्याला उचलायला कुणीतरी कायम असेल. पुढच्या रविवारी ते मित्रच पिकअप घेऊन येतील. मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला कारण सापडेना. फोन ठेवला आणि एका कागदावर लिहायला बसले, बरोबर काय काय द्यायचं: भांडं, चौरंग, औषधं, वही. चौथ्या ओळीनंतर मला अक्षर नीट दिसेना, म्हणून कागद घडी करून ठेवला.

तो आठवडा घट बसायच्या आधीचा होता. मावशीच्या भाषेत, दसरा काढायचा आठवडा. घट बसण्याआधी घरातलं झाडून सगळं, डबे, पितळ, अंथरुणं, पांघरुणं, बाहेर काढून धुवायचं असतं. कुत्रा जाणार म्हणून यंदा राहू दे, असं मी म्हणाले होते.

"आन देवीला काय सांगायचं? कुत्र्याचं दुखतंय म्हणून घर पारोसं ठेवलं?" ती म्हणाली, आणि गुरुवारी तिने अकराच्या अकरा गोधड्या माळ्यावरून खाली ओढल्या. माझ्या सासूबाईंनी आणि मी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या त्या गोधड्या तुम्हाला आठवतील. हिरवी, जांभळी, एक पिवळ्या काठांची. दुपारपर्यंत त्या गच्चीवर धुऊन पसरल्या होत्या. जेवून मी जरा पडले.

झोप आणि जाग यांच्यामध्ये एक जागा असते, तिथे मी होते. पावसाचा आवाज आला, जिन्यावर मावशीची धावपळ आली, ओल्या कापडाचा वास घरभर पसरला. आई धुणं वाळत घालते आहे आणि मी तिच्या लुगड्यांमधून वाट काढते आहे, असं काहीतरी मला दिसत होतं. मग मावशीचा आवाज आला, अगदी हळू.

"आई, उठा. बोलू नका. नुस्तं बघा."

मी खोलीच्या दारात आले. दिवाणखान्यात टाइल्स दिसत नव्हत्या. मावशीने पंखे लावून ओल्या गोधड्या एकीला लागून एक अशा जमिनीवर पसरल्या होत्या, पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. आणि त्या रंगांच्या मधोमध तो उभा होता. चारही पायांवर. मान खाली घालून हिरवी गोधडी हुंगत होता. मग एक पाऊल टाकलं. मग दुसरं. आवाज अजिबात येत नव्हता. एवढं मोठं जनावर, आणि उन्हाची तिरीप सरकावी तसं सरकत होतं.

स्वयंपाकघराच्या दाराशी दोन गोधड्यांमध्ये वीतभर पांढरी टाइल उघडी राहिली होती. तिथे तो थांबला. पुढचा पाय लांब केला, नखांच्या टोकाने टाइलला शिवला, आणि विस्तवावर पडावा तसा मागे घेतला. मावशीने वाकून गोधडी पुढे ओढली. टाइल झाकली गेली. तो आत गेला, ओट्याशी जाऊन उभा राहिला आणि सकाळच्या कढईचा वास घेऊ लागला.

"हा उठला कसा?" मी विचारलं.

"त्याच्या बुडाखाली एक गोधडी सारली. वलीच होती. म्हणलं, त्याला उचलून नेतील रविवारी, तवर जरा मऊ. तर पाय रोवले आन उठलाच की."

"म्हणजे याला फरशीची भीती वाटते."

"मलाबी वाटती," मावशी म्हणाली. "पुसून झाली की मी भिंतीला धरून जाते. दोनदा पडलेय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दाराशी उभं राहून बघत बसता, आई. किती छान दिसती म्हणता. मंग काय सांगायचं?"

ती सहज बोलली आणि गोधड्या नीट करायला लागली. मी वही काढली. तीन वर्षांपूर्वीची पानं उलटली. टाइल्स बसवल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: आज सकाळी दिवाणखान्यात पाय घसरून पडला. लागलं नाही. फरशी पुन्हा पुसून घेतली. त्याच्या दुसऱ्या दिवशी: दाराशी बसून आहे. मुलांची आठवण येत असावी.

मी तुमच्या बाबांना फोन लावला.

"आई, तू हळवी होतेयस," ते म्हणाले.

"मी फरशीबद्दल बोलतेय."

"गोधड्या टाकून पाय बरे होतात का?"

"नाही होत. पण तो स्वतः उठतो. उठला तर मला उचलावं लागत नाही, आणि प्रश्न तर उचलण्याचाच होता ना?"

मित्राला आता येऊ नको म्हणणं त्यांना बरं वाटेना. मग आमचं असं ठरलं, की रविवारी गाडी येऊ द्यायची. मित्रासमोर कुत्रा आपणहून उठला, तर राहील. नाही उठला, तर जाईल, आणि मी मध्ये पडायचं नाही.

शुक्रवारी डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी त्याला गोधड्यांवर चालवून पाहिलं. पाय कमजोर आहेतच, म्हणाले, पण जेवढा जोर आहे तेवढाही तो भीतीने वापरत नव्हता. "घरात फरशी कसली आहे, हे मी आधी विचारायला हवं होतं." त्यांनी वाढलेली नखं कापली, आणि गोधड्या सरकू नयेत म्हणून खाली रबरी जाळी घालायला सांगितली. शनिवारी मावशी आणि मी दिवसभर दाभणाने जाळ्या टाचत बसलो. माझे टाके एका अंतरावर, तिचे कसेही. तिचेच जास्त पक्के निघाले.

रविवारी मळ्याचे मालक आले. गाडीत त्यांनी त्याच्यासाठी मऊ कडबा पसरून आणला होता. माणूस भला, बुटांना छाटणी चाललेल्या मळ्याची लाल माती. कुत्रा दिवाणखान्याच्या मध्यावर लोळत होता. मी त्याला हाक मारणार नव्हते, तसं ठरलंच होतं. मी खुर्चीत बसून माझ्या हातांकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. त्याने डोकं उचललं, पाहुण्यांकडे पाहिलं, पुढचे पाय ताणले. मागचे ताणले. एका बाजूची गोधडी किंचित दुमडली आणि त्याची कंबर लटपटली. मावशीने पदर तोंडाशी धरला. तो अर्धवट तसाच थांबला, जसे आपण गुडघ्यावर हात ठेवून थांबतो. मग उभा राहिला. शांतपणे चालत गेला आणि त्यांच्या बुटांवरची माती हुंगू लागला.

"काकू," ते हसून म्हणाले, "ह्याला उचलायला मी दोन गडी आणलेत."

"त्यांना चहा टाकते," मी म्हणाले.

गाडी रिकामी परत गेली, कडब्यासकट.

आता घर कसं दिसतं ते सांगते, म्हणजे याल तेव्हा दचकणार नाही. टाइल्स कुठेच दिसत नाहीत. काही एका रंगाचं, एका मापाचं नाही. दर आठवड्याला दोन गोधड्या धुवायला जातात आणि त्यांच्या जागी सतरंज्या येतात. आभाळ खाली उतरत नाही. मला पहिले काही दिवस चुकल्यासारखं झालं. आता मीही भिंत न धरता चालते, आणि मला कळतं की आधी मीही धरत होते.

आणि हे मला सांगितलंच पाहिजे. तो दाराशी तुमची वाट बघत नव्हता. त्याला दुसरी जागा नव्हती. वाट मी बघत होते, आणि ती मी त्याच्या नावावर सांगत होते, कारण माझ्या नावावर सांगायला मला संकोच वाटत होता. आता त्याला घरभर फिरता येतं, तर तो दाराशी बसत नाही. ओट्याशी बसतो. धाकटीला याचं वाईट वाटेल, पण तिने तीन वर्षं जे वाईट वाटून घेतलं त्याहून हे कमी असावं.

सगळीकडे गोधड्या पडल्या, फक्त माझी झोपायची खोली राहिली होती. कुत्र्याने त्या खोलीत यायचं नाही, हा नियम मीच पहिल्या वर्षी केला होता. अकरावी गोधडी, पिवळ्या काठांची, कपाटावर घडी करून ठेवली होती. मंगळवारी ती काढली, जाळी टाचली, आणि दारापासून पलंगापर्यंत पसरली. मग नेहमीसारखी आडवी झाले. कसली स्वप्नं पडली ते आठवत नाही. जाग आली तेव्हा हातावर गरम श्वास होता. गादीच्या कडेवर हनुवटी टेकून, डोळे अर्धे मिटून तो उभा होता. त्याचे पाय थोडे थरथरत होते. मी पलीकडे सरकले नाही आणि त्याला बसही म्हटलं नाही. जेवढा वेळ त्याला उभं राहता आलं, तेवढा वेळ आम्ही तसेच राहिलो. मग तो आपल्या आपण खाली बसला.