नामादादाचे दोन उच्चार

नामादादा गेला, यावर सकाळी माझा विश्वास बसला नाही.

मेसेज जयेशचा होता. आमच्या रिसॉर्टच्या किचनमधला जयेश. रिसॉर्ट विकलं म्हणून एप्रिल फूल करणारा हाच.

नामादादाला फोन लावला. स्विच ऑफ.

त्याची बॅटरी नेहमीच उतरलेली असते. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

नामादादा कळंबला आमच्या रिसॉर्टवर कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य. घर कशेळ्याला. आधी मुंबईत वेटर होता. मी नववीत शाळा सोडलेली, पण स्पेलिंग पक्कं. मला रिसेप्शनला बसायचं होतं, म्हणून तो इंग्लिश शिकवायचा.

सुरुवातीलाच मला डाऊट आला.

शब्द साधा. सी, एल, ओ, एस, ई.

एके दिवशी म्हणाला, "पूल बंद केला तर क्लोज बोलायचं."

दुसऱ्या दिवशी, "नदी जवळ हाय ना? मग क्लोस. स बोल, स."

"दादा, काल तर ज होता."

"काल बंद होतं, आज जवळ हाय. जवळचा दोस्त असंल तरी क्लोसच."

स्पेलिंग एक आणि उच्चार दोन?

मला वाटलं, गेस्टसमोर माझं हसं करायचा प्लॅन आहे. रिसेप्शनला स्वतःच्या भाच्याला चिकटवायचं असेल.

मोबाईलवर ऐकलं. नेरळच्या एका टीचरना विचारलं. मग एका गेस्टला.

सगळीकडे तेच.

मोबाईल सोडून बाकीच्यांना दादाने फोडलं असेल, असंही वाटून गेलं.

गेस्टने त्याला सांगितलंच. दादा समोर येऊन उभा.

"माझी चौकशी करतोस काय रं?"

मी मोबाईल खिशात टाकला.

"कर. मला मुंबईत पोरांनी मुद्दाम उलटंसुलटं शिकवलं. भर डायनिंग हॉलमध्ये लोक हसले, तेव्हा कळलं. कुणी काय बी सांगू दे, आधी खात्री करायची. मी सांगितलं तरी."

पुढे मला रिसेप्शन मिळालं. माझं नाव दादानेच सुचवलं, असं मालक म्हणाले.

तेही मी आणखी दोघांना विचारून घेतलं.

आज जयेशनंतर ग्रुपवर श्रद्धांजलीची रांग लागली. सगळे एकमेकांचं कॉपी-पेस्ट करतात, मला माहीत आहे.

जीप पकडून कशेळ्याला गेलो.

दारात माणसं बसलेली. वहिनी म्हणाल्या, "ये रं. तुझीच वाट बघत होते. तोंड बघून घे."

बघितलं.

दादा, तू सांगितलंस तसंच केलं. स्वतः येऊन खात्री केली.

आज तरी सगळे खोटे निघायला हवे होते.

शेवटचा नमस्कार, दादा.