हळदीच्या शेडमधला हायड्रोजन

गॅस सेन्सरचा अलार्म वाजला तेव्हा कविता राठोड शेडच्या आत, छताजवळ होत्या. हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर उभ्या राहून त्या झरोक्यात गोणपाट कोंबत होत्या. एका हातात मोबाईल होता.

कुरुंद्याजवळ राठोडांच्या शेतात आमच्या पुण्याच्या कंपनीचा पायलट, म्हणजे प्रायोगिक, प्लांट होता. कविताताईंचे पती देविदास साइटची देखभाल करत, मी इंजिनिअर. काचेच्या पॅनेलवर केसाहूनही कितीतरी बारीक कणांचा थर, म्हणजे नॅनो कोटिंग, दिलेला होता. त्यावर ऊन पडले की पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतात. अडचण एकच. दोन्ही वायू मिसळूनच बाहेर येतात, आणि त्या मिश्रणाचा एका ठिणगीने स्फोट होतो. त्यांना वेगळे करणारे मेंब्रेन, म्हणजे गाळणीसारखा पातळ पडदा, शेडमध्ये होते. हायड्रोजन हलका, वर जातो. झरोके त्याच्यासाठीच उघडे ठेवले होते.

प्लांट येण्याआधी याच शेडमध्ये हळद असे; आमच्या करारात मात्र शेड रिकामी असे लिहिले होते. त्या दिवशी पहाटे अवकाळी शिंतोडे पडले. राठोडांनी वाळलेली हळद नेहमीसारखी आत आणली आणि ओल लागू नये म्हणून झरोके बुजवायला घेतले. दहा वाजता कडक ऊन पडले आणि पॅनेलमधून गॅस येऊ लागला.

मी दारातून ओरडलो, "वहिनी, खाली या. मोबाईल चालू करू नका."

"काहून? वास तर न्हाई येऊन राहिला."

"या गॅसला वासच नसतो."

"मंग फॅन लावते की." बटण थप्पीशेजारीच होते.

"हात मागे घ्या! ठिणगी पडली तर शेड उडेल."

त्यांचा हात हवेतच थांबला. अंगावर सिंथेटिक साडी, भोवती कोरडी पोती. घर्षणाची ठिणगीही पुरेशी होती. "लेकरं शाळेत हायेत ना?" त्यांनी विचारले. आवाज बदलला होता.

"आहेत. एकेक पाय टाका. घाई नको."

बाहेर देविदास उरलेली हळद शिजवत होते. कुकरखाली जाळ होता आणि वारा शेडकडून तिकडेच वाहत होता.

"देविदास, जाळ विझवा!"

"हळद कच्ची राहील, साहेब."

"वहिनी आत आहेत."

देविदासांनी लगेच पाण्याची घागर जाळावर उपडी केली आणि खांबावरचा मेन स्विच पाडला. पॅनेलला मात्र स्विच नव्हता. ऊन होते तोवर गॅस येतच राहणार होता. आम्ही हळद वाळवायच्या ताडपत्र्या ओढून पॅनेल झाकले. तेवढ्यात पुण्याहून बॉसचा फोन आला; मी शेडपासून लांब जाऊन उचलला.

"गॅसचा फ्लो शून्यावर का आला?"

"पॅनेल झाकलेत, सर."

"कुणाला विचारून? आजचा टेस्ट रन वाया गेला!"

मी फोन कापला. कविताताई दारातून बाहेर आल्या आणि मातीतच बसल्या. देविदास त्यांच्याजवळ जाऊन बसले.

सेन्सर शांत झाल्यावर बिघाड सापडला. थप्पीचा भार पाइपवर येऊन सांधा आवळणारा क्लॅम्प सैल झाला होता आणि तिथून गॅस गळत होता.

दुसऱ्या दिवशी बॉस आले. पोती कायमची बाहेर काढा, असे त्यांनी सांगितले.

"बराबर हाय," कविताताई म्हणाल्या. "पण हळद ठेवायची कुठं? तुमच्या डोक्यावर?"

"तो आपला विषय नाही."

"शेड त्यांची आहे, सर," मी म्हणालो.

शेवटी कंपनीच्या खर्चाने हळदीसाठी वेगळी खोली बांधली गेली. ती तयार होईपर्यंत प्लांट बंद होता. हल्ली नवी साइट पाहायला गेलो की ऊन नंतर मोजतो. या जागेत आधी काय ठेवत होता, हे पहिले विचारतो. करारात रिकामी लिहिलेली जागा सहसा रिकामी नसते.