छागलीचा हूक

माणसांचे दात बनवणाऱ्याने इंजिनाच्या नादी लागू नये, असं रश्मीचं स्पष्ट मत होतं. तिच्या नवऱ्याने, गुणवंत डहाकेने, ते नेहमीसारखं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

नेपियर टाउनमध्ये गुणवंतची दातांची लॅब आहे. डॉक्टर लोक जबड्यांचे साचे पाठवतात, हा कवळ्या आणि कॅप करून देतो. तीस वर्षांत जबलपूरच्या किती म्हाताऱ्यांना त्याने पुन्हा भुट्टा खायला लावलं, त्याची गणती नाही. त्याच्या पन्नाशीला लेकीने, अवंतिकेने, विलायतेहून नॅरोगेज इंजिनाचं किट मागवून दिलं होतं. ते दोन वर्षं कपाटात पडून होतं.

मग एक दिवस एका साच्यासोबत चिठ्ठी आली: विठोबाजी ठवकर, वय ८२, रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. गुणवंतने ते नाव पुन्हा वाचलं.

लहानपणी तो बरगीकडच्या खेड्यातून रोज छोट्या नॅरोगेज गाडीने जबलपूरला शाळेत यायचा. सकाळी गोठा झाडून तीन किलोमीटर पळायचं, म्हणजे उशीर ठरलेलाच. पण वावरातून पळणारं पोर दिसलं की ठवकर ड्रायव्हर शिट्या मारत राहायचे आणि दोन मिनिटं तरी गाडी हलवायचे नाहीत. सहा वर्षं. त्या दोन-दोन मिनिटांवर गुणवंतची शाळा झाली, आणि शाळेवर पुढचं सगळं. पोर लाजाळू, आभार कधी मानलेच नाहीत. पुढे ती गाडीच बंद पडली आणि माणसं पांगली.

ठवकरांची कवळी त्याने जीव ओतून केली. पण ते धंद्याचं काम, त्याला आभार म्हणत नाहीत. डॉक्टरांकडून कळलं की म्हातारा-म्हातारी कायमचे मुलाकडे नागपूरला चालले आहेत. हातात अठरा दिवस होते. गुणवंतने किट बाहेर काढलं.

किटमधलं इंजिन अस्सल विलायती. धुराडं तोकडं, पुढे गुरं बाजूला सारायची जाळीच नाही. हे ठवकरांच्या हातात दिलं तर त्यांनी ओळखायचं काय? त्यांनी आपलं इंजिन ओळखावं, एवढाच गुणवंतचा हट्ट होता.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. दातांचा धातू हजार अंशांखाली दाद देत नाही. त्या सवयीने गुणवंतने ज्योत लावली आणि किटमधला, बॉयलरवर बसवायचा मऊ पांढऱ्या धातूचा घुमट तुपासारखा वितळून टेबलावर सांडला.

"चलो, पहिला दात पडला," रश्मी म्हणाली.

मग मात्र त्याने आपलीच विद्या कामी लावली. घुमट मेणात कोरला, साच्यात पुरला आणि दातांच्या धातूत ओतला. धुराडं तसंच, चांगलं लांब. जाळी कवळीच्या तारांची. सगळ्यात शेवटी छागल, म्हणजे इंजिनाबाहेर टांगायची कॅनव्हासची पाण्याची पिशवी. ती त्याने कवळीच्या हिरड्यांसाठीच्या गुलाबी मसाल्यातून घडवली, खाकी रंगवली आणि इंजिनाच्या उजव्या अंगाला हूक लावून टांगली. त्याच्या गावचा थांबा त्याच अंगाला होता. धापा टाकत पोचलं की आधी तिचं गार पाणी प्यायचं, मग डब्यात चढायचं.

शनिवारी तो हाऊबागला ठवकरांकडे गेला. त्यांच्या पत्नी इंदूबाई भांडी बांधत होत्या. विठोबाजींनी इंजिन मांडीवर घेतलं, धुराड्यावरून बोट फिरवलं, घुमट चाचपला. एकदम त्यांचा हात थांबला.

"छागल इकडं काहून लावली?"

गुणवंत म्हणाला, "बाबूजी, मी तर रोज इकडंच पाहिली."

"सकाळी जबलपूरकडं येताना ऊन इकडूनच राहते. पाणी तापून जाते ना. छागल सावलीत ठेवा लागते, तिकडं." बोलता बोलता त्यांनी मान वर केली. "इकडं रोज पाहिली? वावरातून पळत येणारा तो तूच का?"

"हो."

"तोंडाले कोरड पडली राहे तुझ्या, पण मागत नव्हता. म्हणून मी दोन्हीकडं हूक लावले होते. तुझा थांबा आला का फायरमनले सांगो, छागल इकडं टांग. पोराच्या हाताले लागली पायजे."

गुणवंत दोन मिनिटांचे आभार मानायला आला होता. पाण्याचं तर त्याला ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षं तो समजत होता की छागल तिथेच असते, झाडाला फांदी असावी तशी. पाठ करून आणलेलं सगळं विसरून तो रडला. इंदूबाईंनी काही न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

पाणी पिऊन त्याने पिशवीतून हत्यारं काढली, कवळीची तार वाकवली आणि डाव्या अंगाला दुसरा हूक बसवला. छागल उचलून तिकडे टांगणार, तोच विठोबाजींनी त्याचा हात धरला.

"राहू दे इकडंच. थांबा आला ना तुझा."