शेवंताच्या गाठोड्यातली ढेकळं

हे आजवर कुणापाशी बोलले न्हाई मी. नवऱ्यापाशी न्हाई, पोखर्णीला नरसिंहापुढं हात जोडतानाबी न्हाई. आता ऐका.

बेइमान. काय वजन असतं हो ह्या शब्दाला? आमच्याकडं दडी मारलेल्या पावसाला बेइमान म्हणतात, खाऊन न ओढणाऱ्या बैलाला म्हणतात, नणंदा-भावजया हसत एकमेकींना म्हणतात. पण कापूस येचणाऱ्या बाईला वजनकाट्यापुढं म्हणलं, की तिला पुन्हा कुणी रानात बोलवत न्हाई. हे मला नीट ठाऊक होतं.

येचणीची मजुरी किलोवर असते. म्हणून मी गाठोड्याच्या पोटात दोन-चार ढेकळं घालायची — लय न्हाई, किलोभर. त्या दिवशी मालकीणबाई अचानक म्हणाल्या, आज गाठोडी सोडून बघणार. शेजारी शेवंताचं गाठोडं होतं. आमी दोघी रोज शेजारच्या ओळीत येचायचो, ती मला अक्का म्हणायची. ती पाणी प्यायला विहिरीवर गेली, आन मी... माझी ढेकळं काढून तिच्या कापसात कोंबली.

गाठोडं सोडलं तशी ढेकळं घरंगळली. आन तो शब्द पहिल्यांदा कोण बोललं? मीच. गप्प बसले तर सगळ्या माझ्याकडं बघतील, ह्या भ्यानं.

त्या हंगामापासून तिला कुणी येचणीला नेलं न्हाई. नवऱ्याबरोबर ती ऊसतोडीला जायला लागली. आन मी? आजबी कुणी बैलाला बेइमान म्हणलं तरी मी मागं वळून बघते. झोपेत बडबडले तर, तापात बरळले तर — काय काय भ्या वाटतं, सांगू?

इतक्या वर्षांनी परवा शेवंता आली. गुडघे गेलेत तिचे, ऊस तोडणं होत न्हाई. म्हणाली, "अक्का, ती ढेकळं माझी नव्हती गं. तू मालकीणबाईला सांग, तुझं ऐकतील."

सांगायलाच तोंड उघडलं मी. आन निघालं काय? "जाऊ दे शेवंता, चुकतं माणसाचं."

ती गुडघे धरून उठली. मग हळूच म्हणाली, "बरं. चुकलं म्हणून सांग. पण कामाला घ्या म्हणावं."

काल मी मालकीणबाईंच्या दारात गेले. शेवंतानं कबूल केलं, म्हणून सांगून आले.