व्याह्यांच्या क्लबचा दुखवटा

आधी पुढ्यातला चहा संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना एकाला असा ठसका लागला, की पाठीत गुद्दे घालावे लागले! माणूस चुकतो, त्यात काय विशेष? पण एकच चूक आधी सुलटी करायची आणि महिनाभरात तीच उलटी करून दाखवायची, याला अंगात काहीतरी लागतं. ते माझ्यात आहे.

माझी लातूरच्या मार्केट यार्डात आडत. सोयाबीन, तूर, हरभरा. एकुलती एक लेक मुक्ता लग्न करून मेलबर्नला गेली. जावई तिथलाच, गोरापान. आणि त्याचे वडील म्हणजे आमचे व्याही, ग्रॅहमराव. 'राव' मी लावलं. व्याह्याला नुसतं ग्रॅहम म्हणायला जीभ वळेना.

गेल्या सप्टेंबरात मुक्ताचं बाळंतपण नुकतंच झालेलं. विहीणबाई तिच्याजवळ थांबल्या आणि व्याही एकटेच आमच्याकडे महालक्ष्म्यांचा सण बघायला आले. उंच, सत्तरीचा, जन्मभर गहू पिकवलेला माणूस. आल्या आल्या यार्डात पोत्यात हात घालून तूर चावून बघितली, तेव्हाच म्हटलं, हा आपला माणूस!

भाषेची मात्र बोंब. माझं इंग्रजी बिलापुरतं. त्यांचं मराठी 'बस', 'पुरे' आणि 'लई भारी' एवढंच. बाकी सगळं हातवाऱ्यांवर आणि अडलं तर मुक्ताला फोन.

व्याह्यांना एकच नाद होता, त्यांच्याकडचा फुटबॉल. ऑस्ट्रेलियन फुटबॉल! तुम्ही बघितलाय का कधी? चेंडू टरबुजासारखा लांबट. हातानेही खेळायचा, पायानेही. मैदान एवढं, की आमच्या मेव्हण्याचं, दिगंबरचं अख्खं शेत बसावं. आणि गोलाला खांब चार! मधल्या दोघांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला, तरी एक गुण!

मी म्हटलं, "चुकल्याचा पण गुण?"

व्याही म्हणाले, "हाव." हे त्यांनी इथेच उचललं होतं.

मला खेळ तिथेच आवडला. आमच्या शाळेत असं असतं तर मी कलेक्टर झालो असतो.

त्यांच्या क्लबचं नाव सांगत नाही, कारण ते स्वतःही सांगताना जरा इकडेतिकडे बघायचे. हा क्लब वर्षानुवर्षं तळाला. म्हणूनच तर त्यांनी सप्टेंबरचं तिकीट काढलं होतं! त्यांच्याकडे सप्टेंबरात शेवटचे मोठे सामने, त्यांना फायनल्स म्हणतात. पण आपला क्लब कशाला तिथे पोचतोय? आणि त्याच वर्षी पोरं पोचली ना राव! पहिल्या चारांत! आणि हा बिचारा चाहता कुठे? तर लातुरात, माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर.

मला फार लागलं हो ते. मुक्ताने सांगितलं होतं, की क्लबने शेवटचा कप जिंकला तेव्हा ग्रॅहमराव एवढंसं पोर होते आणि बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी तो बघितला. त्यानंतर बाप गेला, पण कप काही आला नाही. आता येण्याची चिन्हं, तर माणूस माझ्या घरी पाहुणा. त्यांचं मन मोडलं तर ते आमच्यामुळे, असं मला वाटायला लागलं. पोरीच्या सासरचा मामला, वरून!

पहिल्या शनिवारी दुपारी टीव्हीवर सामना लावला. हरले. सडकून हरले. व्याह्यांनी गळ्यातला क्लबचा मफलर तोंडावर ओढला. थोड्या वेळाने म्हणाले, "नेक्स्ट सॅटर्डे, मेट. नेक्स्ट सॅटर्डे."

मी मान हलवली. मनात म्हटलं, दुःखात माणूस असंच बडबडतो. हरलेल्याला कसला आलाय पुढचा शनिवार?

तेवढ्यात माझी बायको सुमन आतून आली आणि कानाशी लागली, "आवो, व्याह्यांनी पुरनपोळीला हातच लावला न्हाई की. ताट तसंच हाय."

संपलं! पुरणपोळी परत आली म्हणजे प्रकरण गंभीर. मी तडक फोन काढला आणि सोयऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'आमच्या व्याह्यांवर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. अन्न गोड लागेना. तरी सर्व सोयऱ्यांनी उद्या सकाळी भेटून जावे.'

कारण लिहिलं नाही. म्हटलं, चार खांबांचा खेळ ग्रुपवर कुठे समजावत बसू?

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. जळकोटची माझी आत्या. वय ऐंशीच्या पुढे, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जातात. जीपमधून पाय खाली टाकायच्या आधीच तिने सूर लावला, "आगं माझे मुक्ते! आसं कसं झालं गं माय! कुनाची नजर लागली गं!"

तिच्यामागे नांदेडहून माझा मेव्हणा दिगंबर. डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा सुतकी, हातात पिठलं-भाकरीचा डबा. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत ना, म्हणून! आणि काखेत दुखवट्याचं टॉवेल-टोपी. त्याच्यामागे आणखी भाऊबंद. माणसं येतायत, चपला काढतायत, मान खाली घालून सतरंजीवर बसतायत. बायका आत सुमनच्या गळ्यात पडायला लागल्या.

आत्याने सरळ जाऊन व्याह्यांना मिठी मारली. ते आधी दचकले. मग तेही गहिवरले! त्यांना वाटलं, आपला क्लब हरला म्हणून ही म्हातारी एवढ्या लांबून आली. त्यांनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मी आत्याला बाजूला घेतलं. "आत्या, कुनी गेलं न्हाई. मॅच हारलेत ते."

"कोन हारलं?"

"त्यांचा क्लब. खेळात."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरलो. पण एवढ्या लांबून आणलेला हुंदका अर्धवट कुठे टाकायचा? तिने तो पूर्ण केला आणि मग चहा मागितला.

तोवर दिगंबरने व्याह्यांच्या डोक्यावर टोपी घालून खांद्यावर टॉवेल टाकलासुद्धा! व्याही उठून उभे राहिले, हात जोडले, भाषण केलं. मला त्यातलं 'थँक यू' आणि परत तेच 'नेक्स्ट सॅटर्डे' एवढं कळलं. मंडळींनी सुस्कारे सोडले. दिगंबर डोळे पुसत म्हणाला, "लई धक्का बसलाय बगा यांना."

आणि मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला. हॉलमधल्या पांढऱ्या टोप्या बघून ती किंचाळलीच, "बाबा! कोण गेलं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पहिल्या चारांतल्या टीमला एकदा हरलं तरी चालतं. अजून एक चान्स असतो. ते बाहेर गेलेच नाहीत! पुढच्या शनिवारी खरंच मॅच आहे."

"मग जेवले का नाहीत?"

"पोट बिघडलंय त्यांचं! सणापासून आई पोळीवर पोळी वाढतेय. नको म्हणायची लाज वाटते त्यांना."

दिगंबर माझ्या कानाशी आला. "दाजी, म्हंजे मढं जित्तं हाय व्हय?"

आता काय करता? व्याही तर टॉवेल सावरत विचारतायत, ही कोणती रीत? मी छाती पुढे काढून सांगितलं, की आमच्याकडे माणसाला हिंमत द्यायची असली की सगळे सोयरे जमून असं करतात. मुक्ताने तिकडून कपाळाला हात लावत ते इंग्रजीत सांगितलं.

पुढच्या शनिवारी व्याही तीच टोपी घालून, तोच टॉवेल घेऊन बसले. आणि क्लब जिंकला!

झालं! व्याह्यांची खात्री पटली, की हे सगळं त्या टोपीचं आणि आमच्या मंडळींचं काम. त्यांनी सगळ्यांना परत बोलवायला सांगितलं. व्याह्याचा शब्द मोडता येतो का? मग दर शनिवारी नांदेडची जीप, जळकोटची जीप आणि पांढऱ्या टोप्या घालून आमची मंडळी टीव्हीसमोर. शेजारी विचारायचे, "काय हो, सुतक कधी फिटतंय?"

पण काय दिवस होते ते! एक पोरगं दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून उंच उडायचं आणि वरच्या वर चेंडू झेलायचं. आत्या दर वेळी ओरडायची, "आरं कुनाचं लेकरू हाय ते! धरा की त्याला खालून!" दिगंबरला सहा गुण झाल्यावर दोन्ही हातांचं एकेक बोट पुढे करणारा पंच आवडायचा. तो तर नांदेडला परत गेल्यावर बायकोने वाढलं तरी दोन बोटं दाखवायला लागला. सुमनला मात्र सगळ्यात आवडायचं ते व्याही आता पोटभर जेवतायत हे.

तिसरा शनिवार तर विचारूच नका. दोघांचे गुण सारखे, आणि भोंगा वाजला. वेळ संपली. मी उठलो, तर व्याह्यांनी हात धरून खाली बसवलं. भोंग्याच्या आधी आपल्या पोराने चेंडू झेलला होता ना, मग त्याला वेळ संपल्यावरही एक लाथ मारता येते म्हणे! त्याने मारली. नेम चुकला. बाजूच्या खांबांमधून गेला. पण चुकल्याचाही एक गुण असतोच की! एका गुणाने जिंकलो! मी आणि व्याही एकमेकांच्या गळ्यात पडून असे नाचलो, की सुमन आतून लाटणं घेऊन धावत आली.

त्या रात्री मला या खेळाचं मर्म सापडलं, असं माझं मत झालं. नेम चुकला तरी गुण. वेळ संपली तरी लाथ. हरलात तरी पुढचा शनिवार. इतका दयाळू खेळ जगात दुसरा नाही! यार्डात सौदा निघायच्या आधी मी हमाल, मापाडी, व्यापारी सगळ्यांना उभं करून हे समजावून सांगायचो. लोक मला मास्तर म्हणायला लागले.

मग आली शेवटची फायनल. सकाळी दहाला. मी आधीच पेढे आणून ठेवले.

कसं सांगू? शेवटपर्यंत पुढे होते. आणि अगदी शेवटी समोरच्यांनी गाठलं, मागे टाकलं. भोंगा वाजला तेव्हा चेंडू कोणाच्याच हातात नव्हता.

व्याह्यांनी मफलर तोंडावर घेतला नाही. नुसते पडद्याकडे बघत राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आत्याने पदर डोळ्यांना लावला. दिगंबरने टोपी काढून मांडीवर ठेवली. सुमन दारात उभी होती तिथेच खाली बसली. ज्यांना खेळाचा एक नियम माहीत नव्हता, त्या सगळ्यांना बरोबर कळलं, काय झालंय ते.

आणि मी? मास्तर?

मी उठलो, पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि व्याह्यांच्या पाठीवर थाप मारून मोठ्यांदा म्हणालो, "नो टेन्शन, व्याही! नेक्स्ट सॅटर्डे!"

त्यांनी वर बघितलं. मी त्यांच्या तोंडात पेढा घातला. वर दिगंबरला सांगितलं, "पुढच्या शनिवारी जरा लवकर निघा नांदेडहून. मागच्या खेपेला उशीर केलाव."

व्याही तोंडात पेढा तसाच धरून माझ्याकडे बघत होते. म्हटलं, यांना आठवत नसेल! म्हणून मी त्यांना त्यांच्याच खेळाचा नियम समजावून सांगायला लागलो. बोटांवर! तेवढ्यात लावून ठेवलेल्या फोनमधून मुक्ताचा आवाज आला, "बाबा, ही शेवटची होती. आता शनिवार नाही. पेढे खाली ठेवा."

आत्या काठी टेकत उठली. "आरं मुडद्या! जित्तं हुतं तवा दुखवटा घातलास, आन् आता खरंच गेलं तर पेढे वाटायलास?"

दोन दिवसांनी व्याही गेले. विमानतळावर टोपी त्यांच्या डोक्यावर होती. नंतरचे शनिवार मला खायला उठायचे. दुपारी उगाच टीव्ही लावायचा, सतरंजी अंथरायची आणि परत घडी करून ठेवायची. घरात एवढा आवाज त्याआधी कधी नव्हता आणि नंतरही झाला नाही. मला त्यांची फार आठवण यायची, आणि त्यांचं मन आपण ऐन वेळी दुखावलं, हे मनातून जायचं नाही.

मग महिन्याभराने मुक्ताचा फोन आला. क्लबने आपल्या चाहत्यांना विचारलं होतं, या फायनल्समधला तुमचा सगळ्यात आवडता क्षण कोणता? कोणी तो खांद्यावर चढून घेतलेला झेल लिहिला. बहुतेकांनी भोंग्यानंतरची ती चुकलेली लाथ लिहिली. ग्रॅहमरावांनीही लिहिलं होतं, आणि क्लबने ते सगळ्यांत वर लावलं होतं. मुक्ता मला मराठीत करून वाचून दाखवायला लागली.

"शेवटचा सामना आम्ही हरलो, तेव्हा मी भारतात माझ्या सुनेच्या वडिलांच्या घरी होतो. खोलीतला प्रत्येक माणूस रडत होता. फक्त त्यांनी माझ्या तोंडात मिठाई घातली आणि म्हणाले, पुढच्या शनिवारी. ते इतक्या खात्रीने म्हणाले, की अर्धं मिनिट मला खरंच वाटलं, अजून एक शनिवार शिल्लक आहे. ते अर्धं मिनिट माझं."

मी म्हटलं, "बघ! अख्ख्या ऑस्ट्रेलियाला कळलं तुझ्या बापाचं."

"बाबा, खाली अजून दोन ओळी आहेत," मुक्ता म्हणाली.

"वाच की मग!"

"त्या गृहस्थांना हा खेळ काडीचाही कळलेला नाही. कृपा करून त्यांना कोणी समजावून सांगू नये."